लहक, मणी आणि इंजेक्शन

गडचिरोलीच्या गावांत लहानगं बाळ धापा टाकू लागलं की बाया म्हणत, ‘लहक लागली.’ डॉक्टरी भाषेत हा न्यूमोनिया. घरातच गेलेलं असं बाळ सरकारी वहीत अनेकदा चढतच नसे. विदर्भातल्या माता-बाल संसर्गाच्या संशोधनाला इथूनच, मोजदादीपासून सुरुवात करावी लागली.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग 1986 साली गडचिरोलीत आले, तेव्हा हा जिल्हा अवघा चार वर्षांचा होता. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना जननमार्गाचा किंवा लैंगिक संसर्गाचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी फक्त 8 टक्के स्त्रियांचीच झालेली. 1989 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच सरकारी हिशेब. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बाया मुकाट सोसत होत्या आणि त्याला आजार म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. मला हा अभ्यास बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

1988 साली या भागात जन्मलेल्या हजारातली 121 बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, आणि सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. मग वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. लगेच औषध सुरू. ज्या गावांत हे झालं तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी राहिले.

नवजात बाळाचा जंतुसंसर्ग याहून अवघड. बाळ दूध ओढेनासं होतं, रडणं क्षीण होतं, हातपाय ढिले पडतात, आणि हे घडतं बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत. 39 गावांत शाळेच्या पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. गावच्या बाईच्या हाती सुई देणं अनेक डॉक्टरांना पटलं नाही. तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले.

2011 मध्ये घरोघरी नवजात सेवा आशांमार्फत देशभर सुरू झाली. इंजेक्शन मात्र आशांच्या पिशवीत आलंच नाही. 2014 साली मुभा मिळाली ती एएनएमना, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकांना. ज्या गावी एएनएम आठवड्यातून एकदा येते, तिथलं बाळ तिची वाट पाहत थांबत नाही. ही काटछाट मला आजही खटकते.

नागपूर परिसरातल्या गावांनी पुढे आईच्या संसर्गाच्या संशोधनातही भाग घेतला. प्रसूतीकळा सुरू झाल्यावर ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा 2 ग्रॅमचा एकच डोस, अशी सात देशांतली चाचणी. महिला 29 हजारांवर. 2023 साली निकाल लागला: आईला गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 वर उतरलं. बाळांच्या बाबतीत मात्र त्या गोळीने काहीच फरक पडला नाही.