मासे पोहतायत, म्हणून पाण्यात करंट नाही?

बेळगावची डिसेंबरातली पहाट गप्पी, मॉली, एंजल या घरच्या टाकीतल्या माशांना मानवत नाही. टाकीचं पाणी २४-२६ अंशांवर ठेवायचं तर हीटर हवाच. उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे वाइंडिंग, वायरिंग जाणणारे हात इथे घरोघर सापडतात, त्यामुळे तो घरीच बनवायचा मोहही होतो. काचेची नळी, आत वाळूत तापणारी नायक्रोमची तार, वर सिलिकॉनचं बूच. फिल्टरला कूलरचा पंप. हे चालतं, आणि बरेच दिवस चालतं. पण प्रत्येक वेळी तापताना आणि निवताना काच आणि सिलिकॉन सारखे प्रसरण पावत नाहीत. बुचाशी केसाएवढी फट पडली, तरी ओल आत शिरते आणि फेज, म्हणजे करंट आणणारी तार, पाण्याला भिडते.

मासे मात्र निवांत पोहत राहतात. तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक लागत नाही, तसंच हे. करंट वाहायला परतीची वाट लागते. लाकडी स्टँडवरच्या काचेच्या टाकीतून जमिनीकडे वाटच नसते, सगळं पाणी एकाच विद्युतदाबावर (व्होल्टेजवर) येऊन थांबतं. (फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, दोन्ही पाण्यात उघडे पडले, तर करंट पाण्यातूनच वाहतो आणि मासेही मरू शकतात.) मग तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून काचेवरचं शेवाळ घासायला हात घालता, आणि ती वाट तुम्हीच होता.

ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट जातो. दहाच्या पुढे गेला की बोटं आखडतात, हात सोडवता येत नाही. पन्नास-शंभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. विहिरीचं क्षारयुक्त पाणी, त्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर टाकलेलं खडेमीठ, म्हणजे पाणी आणखीच चांगलं वाहक.

टेस्टरवर विसंबू नका. पंपाच्या कॉइलमुळे पाण्यात नुसता प्रेरित विद्युतदाब आला तरी तो मंद पेटतो, म्हणून ‘तेवढं असतंच’ म्हणायची सवय लागते आणि खरी गळती त्याच सवयीत लपते.

‘बोर्डात एमसीबी आहे की!’ असं हमखास ऐकू येतं. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. तुमच्या अंगातून जाणारे २३० त्याच्या खिजगणतीतही नसतात. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो सतत ताडून बघतो. तफावत दिसली की सेकंदाच्या अंशात दोन्ही तारा तोडतो. शॉकचा झटका त्याआधी बसतोच, पण जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं. आणि थ्री-पिनची अर्थिंग पिन काढून टाकू नये. पंपाला धातूची बॉडी असेल तर गळती त्याच वाटेने जमिनीत जाते आणि आरसीसीबी तुमचा हात पाण्यात जाण्याआधीच पडतो.

एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर नको. वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत न जाता झोलाशीच टपकतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्याच्यात येतं. पावसाळ्यात खानापुराकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. थोड्या रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा.

आता इन्व्हर्टर. मीटरजवळ आरसीसीबी, त्याच्या पुढे इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकी, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते. पंप गळला, आरसीसीबी पडला. इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो त्याच पंपाला बॅटरीवर पुन्हा चालू करतो. मघाशी पडलेल्या आरसीसीबीच्या हातात आता काही नाही. म्हणून वायरमनला इन्व्हर्टरच्या पुढे, टाकीच्या लाइनवर वेगळा आरसीसीबी लावायला सांगा, आणि बॅटरीवर असतानाही तो पडतो का हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. तोवर पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंप दोन्हींचे प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असतानाही फेज पाण्यापर्यंत पोचलेला असतो.