परग्रही समाजांच्या विज्ञानकथेतील लिंगभाव आणि निवड

परग्रहावरील समाज कल्पून स्त्री-पुरुष या विभागणीची तपासणी करणारी विज्ञानकथेची एक धारा. या कथांत लिंगे कधी दोन असतात, कधी तीन, कधी एकही नसते. वाचकाला आधी ही संख्याच भुरळ घालते. कथेचा कस मात्र दुसरीकडे लागतो : आपले शरीर, आपली भूमिका आणि आपला जोडीदार यांबाबत नकार देण्याचा अधिकार त्या समाजात कोणाला आहे?

या धारेतील मध्यवर्ती कृती म्हणजे अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) ही कादंबरी. तिला ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसे एरवी स्त्रीही नसतात, पुरुषही नसतात. सुमारे २६ ते २८ दिवसांच्या चक्रात काही दिवस ‘केमर’ हा कामकाळ येतो आणि तेवढ्यापुरते शरीर स्त्रीचे किंवा पुरुषाचे होते. गर्भ राहिला, तर मूल होऊन त्याचे अंगावरचे दूध सुटेपर्यंत ती व्यक्ती स्त्री राहते, मग पूर्ववत होते. एकच माणूस काही मुलांची आई आणि काहींचा बाप असू शकतो. राजालाही दिवस जातात. केमरमधल्या माणसाला कामाची सक्ती नसते. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकत असल्याने त्याची धास्ती आणि त्याचा मान सगळ्यांत वाटला जातो.

इथवर हा समतेचा समाज दिसतो. पण केमरमध्ये कोणते शरीर मिळेल, हे गेथेनवासीयाच्या हाती नसते. ओर्गोरेन या राष्ट्रात संप्रेरके घेऊन हवे ते लिंग आणण्याची पद्धत आहे, एवढा ओझरता उल्लेख कादंबरीत येतो. ज्यांचे शरीर कायमचे एका लिंगात स्थिरावले आहे अशी थोडी माणसेही तिथे आहेत आणि समाज त्यांना विकृत समजून खालच्या नजरेने पाहतो. पृथ्वीवरून आलेला दूत जेन्ली आय त्यांच्या लेखी याच वर्गातला. बहुसंख्यांचे शरीर हेच प्रमाण, ही सवय लिंगभेद नसलेल्या समाजातही सुटत नाही. कादंबरीची खरी धार या बारीक तपशिलांत आहे. लेखिकेने गेथेनवासीयांसाठी सरसकट पुल्लिंगी सर्वनाम वापरले, यावर टीका झाली. तिने १९७६ च्या निबंधात त्याचे समर्थन केले आणि पुढे त्याच निबंधावर टिपा लिहून ते मागे घेतले. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाकडे इतक्या उघडपणे पुन्हा पाहणारे लेखक विरळा.

आयझॅक आसिमोव्ह यांच्या ‘द गॉड्स देमसेल्व्ह्ज’ (१९७२) मध्ये तीन लिंगे आहेत आणि अपत्यासाठी तिघांचे एकरूप होणे लागते. अशाच एका त्रिकुटातील ड्युआ तिसऱ्या मुलासाठी तयार नसते, म्हणून त्यातलाच ट्रिट तिला फसवून ऊर्जा खाऊ घालतो. तिघांपैकी एकाची इच्छा अशी बाजूला सारली जाते. कथेतल्या विज्ञानापेक्षा हा प्रसंग अधिक काळ मनात सलत राहतो.

संमतीचा प्रश्न सर्वांत निर्भयपणे हाताळला तो ऑक्टेव्हिया बटलर (१९४७–२००६) यांनी. ‘डॉन’ (१९८७) पासून सुरू होणाऱ्या कादंबरीत्रयीतील ओआनकाली समाजात स्त्री, पुरुष आणि ऊलोई अशी तीन लिंगे आहेत. ऊलोई माणसाचे शरीर आतून वाचतात. तोंडाने नाही म्हणणाऱ्याच्या देहात त्यांना होकार दिसतो आणि ते तो होकारच खरा धरतात. ओआनकालींनी अणुयुद्धातून वाचवलेल्या लिलिथ या पृथ्वीवरच्या स्त्रीला न विचारता गर्भवती केले जाते. वाचवणाऱ्याचे उपकार आणि त्याची जबरदस्ती इथे वेगळी काढता येत नाही. बटलर यांच्याच ‘ब्लडचाइल्ड’ (१९८४) या कथेत परग्रही जीवाची अंडी मुलगा आपल्या देहात वाढवायला तयार होतो, कारण तो नसेल तर बहिणीची पाळी येईल. याला निवड म्हणावे का, ते बटलर वाचकावर सोडतात. विज्ञानकथेत गर्भारपणाविषयी इतके प्रामाणिक लेखन फार थोडे झाले आहे.

याउलट टोक इयन एम. बँक्स यांच्या ‘कल्चर’ मालिकेत सापडते. तेथील माणसे इच्छेनुसार लिंग बदलतात. ‘द प्लेयर ऑफ गेम्स’ (१९८८) चा नायक कधीच बदललेला नाही, म्हणून तोच त्यांना मागासलेला वाटतो. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या १९९२ मधील एका भागात अलिंगी समाजातील सोरेन स्वतःला स्त्री मानते, तर तिच्यावर ‘उपचार’ करून ती जाणीव पुसली जाते.

भारतीय वाचक अशा कथांसमोर चटकन पुराणे ठेवतो. मुंबईकराला तर फार लांब जावे लागत नाही. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वराचे भव्य शिल्प आहे. परंतु पुराणांतील लिंगांतरेही निवडीच्या कसोटीवर लावून पाहिली पाहिजेत. अर्जुनाची बृहन्नडा उर्वशीच्या शापातून येते, इल राजा अजाणता शिवाच्या वनात शिरल्यामुळे स्त्री होतो. मोहिनीचे रूप विष्णू स्वतः घेतो आणि अंबा सूडासाठी शिखंडी होते. शाप आणि संकल्प यांतले हे अंतर पुसून ‘आमच्याकडे हे सगळे होतेच’ म्हणणे पुराणांवरही अन्याय करणारे आहे.

मुंबईत हा प्रश्न कल्पनेपुरता कधीच नव्हता. ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचे नियतकालिक १९९० मध्ये आणि त्याच समाजासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ मध्ये याच शहरात सुरू झाली. १९९२ पासून चर्चगेट–बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल धावू लागली. गर्दीच्या वेळी बाईला सुरक्षित जागा देणारी ही सोय मोलाची आहे. पण फलाटावर कोणत्या डब्यापुढे उभे राहायचे, हे पारलिंगी प्रवाशाला रोज नव्याने ठरवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याने मात्र ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावला. आपण कोण आहोत, याचा दाखला कचेरीतून आणायचा, हे गेथेनच्या माणसाला समजावून सांगणे कठीण जाईल.

मराठी विज्ञानकथेचे मुंबईशी जुने नाते आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये येथे स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढच्या लेखनात खगोलशास्त्र, संगणक, जैवतंत्रज्ञान यांना भरपूर जागा मिळाली. परग्रही समाजाच्या लिंगव्यवस्थेची तपासणी त्या मानाने थोडी झाली.

भाषेची अडचण त्यात खरी आहे, कारण मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. तरी वाटा आहेत. ‘मी पाहिले’, ‘मी पत्र लिहिले’ यांसारख्या सकर्मक भूतकाळी वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, ‘मला वाटले’ हेही तसेच, आणि ‘मी येईन’ हा भविष्यकाळ दोघांनाही सारखाच. एवढ्या सामग्रीत निवेदकाचे लिंग अखेरपर्यंत न सांगणारी दीर्घकथा मराठीत लिहिता येते.