सिस्टरचं नाव राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कारासाठी पाठवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि फाईल कशी करायची

दरवर्षी मे महिना आला की ग्रुपवर मेसेज फिरतो, आमच्या सिस्टरांना अवॉर्ड मिळायला पाहिजे, आणि खाली पन्नास अंगठे. पण अंगठ्यांनी फाईल हलत नाही, त्यासाठी कोणीतरी बसून कागद गोळा करावे लागतात. आणि सिस्टर स्वतः ते करत नाहीत, ड्यूटी संपवून घरी जाऊन "माझं काम किती चांगलं" हे लिहायला कोणाला जमतं हो? त्यामुळे हे सोबत काम करणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. नाइटिंगेल नावाचे दोन वेगळे सन्मान आहेत. एक आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचा, १९७३ पासून चालू, राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. दुसरा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं पदक, ते १९१२ साली ठरलं, दर दोन वर्षांनी देतात, जगभरात मिळून जास्तीत जास्त ५०. ते मुख्यतः युद्धात किंवा आपत्तीत जीव धोक्यात घालून केलेल्या सेवेसाठी, नाहीतर सार्वजनिक आरोग्य किंवा नर्सिंग शिक्षणातल्या अगदी वेगळ्या कामासाठी असतं, आणि त्याचं नाव भारतीय रेड क्रॉस सोसायटीमार्फतच जातं, आपण थेट जिनिव्हाला पत्र टाकून काही होत नाही. आपल्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), सिव्हिल, ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरसाठी पहिला पुरस्कार बघायचा.

त्यात कोण बसतं? एएनएम (उपकेंद्रावरच्या परिचारिका), एलएचव्ही (त्यांच्या पर्यवेक्षिका) आणि नर्स, म्हणजे उपकेंद्रावरच्या ताईपासून मेट्रनपर्यंत (मुख्य परिचारिका) सगळे. वॉर्डातच पाहिजे असं नाही, नर्सिंग कॉलेजात शिकवणारे किंवा प्रशासनात असलेलेही चालतात, ब्रदर (पुरुष नर्स) पण चालतात. केंद्र आणि राज्य सरकारबरोबर सेवाभावी संस्थांच्या दवाखान्यातलेही येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मरणोत्तरही दिलाय, केरळच्या लिनी पुथुश्शेरी २०१८ मध्ये निपाह विषाणूच्या साथीत पेशंटची सेवा करताना गेल्या, त्यांना तो २०१९ चा मिळाला. मिळतं काय तर प्रशस्तिपत्र, पदक आणि रोख रक्कम, २०२४ ला ती १ लाख होती. मात्र संख्या कमी झालीय, २०२० साठी ५१ जणांना दिले होते आणि २०२४ ला देशभरात फक्त १५. म्हणून फाईल ढिली असून चालत नाही.

रस्ता असा की संस्थाप्रमुखांच्या शिफारशीने नाव राज्याच्या आरोग्य विभागाकडे जातं, तिथून निवडून केंद्राकडे. अर्ज कधी आणि कोणत्या फॉर्ममध्ये भरायचा ते त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं, ते बघूनच भरा, गेल्या वर्षीचा फॉर्म कोणाकडून तरी घेऊन भरू नका. १२ मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या भरवशावरही राहू नका, २०२४ चा कार्यक्रम ११ सप्टेंबरला झाला होता. परिपत्रक डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) किंवा सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) ऑफिसच्या आस्थापना टेबलवर येऊन पडलेलं असतं आणि वॉर्डपर्यंत येईस्तोवर दोन दिवस उरलेले असतात, त्यामुळे तिथल्या क्लार्कशी ओळख ठेवा.

कागद आधीच जमवून ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि ती रिन्यू केलेली पाहिजे, दर पाच वर्षांनी करावी लागते आणि इथेच निम्म्या जणी अडकतात. मग एएनएम, जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगची सर्टिफिकेटं, सेवापुस्तकातल्या नोंदींवरून अनुभवाचा दाखला, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू नाही असा ऑफिसचा दाखला, ट्रेनिंगची आणि आधीच्या सत्काराची पत्रं, फोटो. आणखी एक, नोंदणी माहेरच्या नावाने आणि सेवापुस्तक सासरच्या नावाने असं खूप ठिकाणी असतं, तेव्हा विवाह नोंदणी दाखला नाहीतर नावबदलाचं राजपत्र सोबत लावा, नाहीतर क्वेरी निघते आणि ती सुटेपर्यंत मुदत गेलेली असते.

आता खरी मेहनत कामाच्या वर्णनाची. इथे लोक हमखास लिहितात "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा मानणाऱ्या". वाचणाऱ्याने सकाळपासून असे ढीगभर वाचलेले असतात! त्यापेक्षा काम लिहा. समजा तुमच्या सिस्टर पावसाळ्यात ओढा भरला की पाडे तुटतात म्हणून जोखमीच्या गरोदर बायांची यादी मे महिन्यातच काढतात, आशाताईंना घेऊन घरोघर जातात, तारीख जवळ आलेल्या बाईला आधीच आणून ठेवतात. हे असंच लिहायचं, कधीपासून करतात ते लिहायचं, आधी किती बाळंतपणं घरी व्हायची आणि आता किती होतात ते रजिस्टरमधून काढून त्या पानाची साक्षांकित प्रत जोडायची. आकडा रजिस्टरमध्ये सापडत नसेल तर लिहू नका, फुगवलेला आकडा एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) सही करताना पण खटकतो. फोटो लावायचेच तर कामाचे लावा, हारतुरे-शालीचे नकोत. आणि लिहून झालं की सिस्टरांना एकदा वाचून दाखवा, त्या निम्मं खोडायला लावतील, पण राहून गेलेली दोन कामं पण त्याच सांगतील.

सह्या-शिक्के सगळ्या पानांवर घ्या, पूर्ण फाईलचा एक झेरॉक्स सेट आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा, ऑफिसला दिली की आवक नंबर घ्या आणि आठवड्याने फोन करून पुढे गेली का विचारा. यंदा नाही झालं तर पुढच्या परिपत्रकाला नवीन फॉर्मवर तीच माहिती उतरवता येते, फक्त नोंदणीची मुदत आणि वर्षभराचं नवं काम तेवढं अपडेट करायचं.