ड्रिलचं बिट लाकडात तुटलं तर

सागवानी चौकटीत खोल भोक पाडताना मशीनचा आवाज एकदम जड होतो, मनगटाला हिसका बसतो आणि बिट जागच्या जागी थांबतं. त्या क्षणी ट्रिगर सोडायचा. आणखी जोर लावला तर मशीन हात पिरगाळतं, नाहीतर बिट मोडतं.

गरम झालेलं पोलाद फुगतं आणि म्हणून बिट अडकतं, असा समज आहे. हिशेब करून पाहू. ६ मिमीचं पोलादी बिट १०० अंश सेल्सिअसने तापलं तरी त्याचा व्यास जेमतेम ०.००७ मिमी वाढतो. साध्या कागदाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. खरं कारण भुसा. मोकळा भुसा मूळ लाकडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो वर आणण्यासाठीच बिटावर पिळदार खाचा असतात. भोक खोल होत गेलं की खाचांत भुसा ठासला जातो, आणि खाचा भोकात पूर्ण बुडाल्या की त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. चीड-देवदारात भर पडते राळेची. उष्णतेने ती पातळ होते आणि निवली की बिटाला चिकटून बसते. म्हणून अशा लाकडात अडकलेलं बिट ‘जरा निवू दे’ म्हणून ठेवू नये.

बिट अख्खं असेल तर मशीन रिव्हर्सला टाकून अगदी हळू अर्धा-एक फेरा द्या. बिट सुटलं की पुन्हा सुलट फिरवत सरळ रेषेत मागे ओढा, कारण सुलट फिरतानाच खाचा भुसा वर ढकलतात. रिव्हर्समध्ये बिना चावीचा चक (बिट धरणारा मशीनचा जबडा) कधी कधी आपोआप ढिला होतो आणि मशीन हातात, बिट लाकडात अशी गत होते. मग प्लग काढा, चक उघडून मशीन बाजूला ठेवा, बिटाची दांडी व्हाइस ग्रिपमध्ये (आवळून लॉक होणाऱ्या पकडीत) घट्ट धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ओढा. राळ चिकटली असेल तर दांडीला तापलेलं सोल्डरिंग आयर्न काही मिनिटं टेकवून ठेवायचं. पाणी मात्र ओतू नका, लाकूड फुगून पकड आणखी आवळते. तेल लाकडात मुरतं आणि पुढे गोंद आणि पॉलिश धरत नाही.

बिट आडवं हलवायचं नाही. बिटाचं हायस्पीड स्टील कठीण असतं, पण वाकण्याआधी मोडतं. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनावर ठरते, म्हणजे ३ मिमीचं बिट ६ मिमीच्या बिटापेक्षा आठपट कमजोर. घरोघरी ३-४ मिमीची बिटंच मोडतात ती यामुळे.

तुटलेलं टोक चार-पाच मिमी वर असेल तर व्हाइस ग्रिप पुरतो. पृष्ठभागालगत तुटलं असेल, तर ३ मिमीच्या पटाशीने भोवतीचं लाकूड कोरून नोज प्लायरला धरायला जागा करा. तुटक्या बिटात भोक पाडून त्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटलेले स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालण्याच्या भरीस पडू नका. दोन्ही पोलादं सारखीच कठीण असल्यामुळे नवं बिट घसरतं आणि तेही जातं. पोलाद जिथल्या तिथे ठेवून भोवतीचं लाकूड काढणं हाच इथला खरा मार्ग आहे. फळीच्या मागे पोहोचता येत असेल तर काम सोपं होतं: गुण्याने जागा मागे उतरवून घ्या, तिथून बारीक भोक पाडा आणि बोथट खिळ्याने तुकडा मागून ठोकून बाहेर काढा.

खोलवर तुटलेल्या ३ मिमीच्या बिटासाठी हार्डवेअरच्या दुकानातली ६ मिमीची रोल पिन उत्तम. ती म्हणजे उभी चीर असलेली पोलादी पत्र्याची पोकळ नळी. त्रिकोणी कानशीने तिच्या एका टोकाला चार-पाच दाते पाडा. मोकळ्या पिनेचा व्यास ६ मिमीपेक्षा थोडा जास्त भरतो, म्हणून पिन मापून १२ मिमी प्लायवुडच्या तुकड्यात ती जेमतेम मोकळी फिरेल एवढं भोक पाडून तो तुकडा क्लॅम्पने बरोबर जागेवर बसवा. हा आधार नसेल तर पिन सुरुवातीलाच भरकटते. पिन चकमध्ये आवळून मशीन रिव्हर्समध्ये, कमी वेगाने चालवा. पिनेने तुकडा पकडलाच तर तो सुटण्याच्या दिशेने फिरेल. दर ५ मिमीला पिन बाहेर काढून भुसा झटका. खोली पुरी झाली की मधला गाभा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा, तुकडा त्यासोबत येतो. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच.

उरलेलं भोक ८ मिमी करून त्यात गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोका, २४ तास वाळू द्या आणि सपाट करा. तिथेच पुन्हा स्क्रू लावायचा असेल तर खुंटीच्या लाकडातल्या रेषा (तंतू) फळीच्या रेषांना समांतर हव्यात. बाजारातल्या गोल दांडीच्या खुंटीत स्क्रू रेषांच्या दिशेने आत जातो आणि कमी धरतो.

तुकडा आतच सोडून भोक १०-१५ मिमी सरकवणं पुष्कळदा शहाणपणाचं. पण ओल लागणारं दार आणि बाभळीसारखं टॅनिनयुक्त (तुरट द्रव्य असलेलं) लाकूड असेल तर लोखंड आणि टॅनिन मिळून निळसर काळा डाग उमटतो. शिवाय पुढे कधी तिथे रंधा फिरला तर पात्याला खांडा पडतो, म्हणून जागेवर खूण करून ठेवा.

हे टाळायचं तर व्यासाच्या दोन-तीन पट खोली झाली की दर वेळी बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढून भुसा झाडावा. आणि भिंतीचं, कार्बाइड टोकाचं बिट लाकडाला लावू नये. ते काँक्रीट फोडण्यासाठी असतं. लाकूड ते कापत नाही, घासतं आणि जाळतं.