वॉशिंग्टन हे आडनाव कोणाचं?

२००० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं मोजली गेली. त्यांतली १,४६,५२० कृष्णवर्णीय होती. म्हणजे शंभरातली नव्वद. गोरे जेमतेम पाच टक्के. जेफर्सन हे दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाचं आडनाव, तेही कृष्णवर्णीयांत पुष्कळ आढळतं, पण तिथं प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवर थांबतं. २०१० मध्ये वॉशिंग्टनांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण थोडं खाली आलं, तरी साडेसत्त्याऐंशी टक्क्यांच्या घरात राहिलं.

नाव मात्र मुळात इंग्रजी, आणि गावावरून पडलेलं.

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅमच्या मुलखात हे गाव आहे. 'टन' म्हणजे वस्ती, वाडी, आणि पुढचा भाग कुणा जुन्या सॅक्सन माणसाच्या नावावरून आलेला. ११८३ साली डरहॅमच्या बिशपनं आपल्या जमिनींची मोजदाद करवली. त्या दफ्तरात विल्यम नावाच्या एका सरदाराची नोंद सापडते. त्याच्याकडे आधी हार्टबर्न हे गाव होतं. ते देऊन त्यानं बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. वर्षाला चार पौंड भरायचे आणि बिशपची मोठी शिकार निघाली की चार शिकारी कुत्री घेऊन हजर व्हायचं, असा करार. गाव बदललं तसं त्याचं नावही बदललं. आधी तो 'द हार्टबर्न' होता, नंतर 'द वेसिंग्टन' झाला. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण चिपळूणकर म्हणतो तसा तो वेसिंग्टनकर. आपल्याकडेही मूळ गाव न पाहिलेले कितीतरी 'कर' शहरांत पिढ्यान् पिढ्या राहतात.

सगळे वॉशिंग्टन या एकाच गावचे, असं समजायचं कारण नाही. दक्षिणेत ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे आणि तेही जुनं आहे. पण ज्या घराण्यामुळे हे नाव जगभर गेलं, ते डरहॅमचंच. त्याची एक शाखा लँकेशरमधल्या वॉर्टनला सरकली, तिथून नॉर्दॅम्प्टनशरला गेली. मठ बरखास्त झाल्यावर त्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, तेव्हा १५३९ साली लोकरीच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या एका वॉशिंग्टननं सलग्रेव्हची जहागीर विकत घेतली. पुढच्या शतकातल्या यादवीत याच घराण्यातल्या एका पाद्र्याला संसदेच्या पक्षानं दारूबाजीचा ठपका ठेवून चर्चमधून काढलं. त्याचा मुलगा जॉन १६५६-५७ च्या सुमारास एका व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियाला गेला. परतताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि तो तिथंच राहिला. तिथं त्यानं लग्न केलं, जमीन मिळवली, तंबाखू लावली. पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज हा त्याचा पणतू.

बहुतेक ठिकाणी या आडनावाची हकिगत एवढ्यावर संपवतात. ढालीवरचे दोन तांबडे पट्टे आणि तीन तारे दाखवतात, तेच आज राजधानीच्या झेंड्यावर आहेत हे सांगतात, आणि थांबतात. मला हे पटत नाही. या घराण्याचे गोरे वंशज मोजकेच राहिले, खुद्द जॉर्जला मूलच झालं नाही. दहातल्या नऊ माणसांचं नाव ज्या वाटेनं आलं, ती वाट सांगितल्याशिवाय या आडनावाचा इतिहास सांगितला असं होत नाही.

१७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टन वारला, तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे, १५३ बायकोकडच्या कस्टिस घराण्याच्या मिळकतीतले, उरलेले भाड्यानं आणलेले. स्वतःच्या मालकीच्यांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावं असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं होतं. तिनं तितकी वाट न पाहता त्यांना १ जानेवारी १८०१ रोजी मोकळं केलं. मग आजचे लाखभर वॉशिंग्टन त्या माणसांचे वंशज असतील, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. मृत्युपत्रानं ताबडतोब मुक्त केलेला एकच माणूस होता, त्याचा खासगी सेवक विल्यम. त्याचं आडनाव ली. १७६८ साली तो ज्या ली घराण्याच्या मिळकतीतून विकत घेतला होता, त्यांचं. तीस वर्षं वॉशिंग्टनच्या घरात काढून, लढाईत त्याच्या घोड्याशेजारी घोडा ठेवूनही तो लीच राहिला.

यातून मूळ वाद सुरू होतो. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि सुमारे चाळीस लाख माणसांना कागदावर पूर्ण नाव लागलं. तेव्हा त्यांनी नावं कशी घेतली? शाळेच्या पुस्तकात दोन उत्तरं असायची. पहिलं, धन्याचं नाव लावलं. दुसरं, राष्ट्रपित्याच्या आदरापोटी वॉशिंग्टन लावलं. दुसरं उत्तर ऐकायला गोड आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. पण आदर हेच कारण असतं, तर लिंकन हे आडनाव सगळ्यांत जास्त दिसायला हवं होतं. आज लिंकन आडनावाचे बहुतेक लोक गोरे आहेत.

शिवाय नावं १८६५ साली घेतली, हे गृहीतच कच्चं आहे. गुलामांत आपापसांत आडनावं फार आधीपासून होती. त्यांच्या बोलीत त्याला 'टायटल' म्हणत, कुठं 'एनटायटल'. हा शब्द नीट बघावा लागतो. इंग्रजीत टायटल म्हणजे पदवी, आणि टायटल म्हणजे मालकीहक्काचा कागदही. ज्या माणसाच्या देहाचं टायटल दुसऱ्याच्या तिजोरीत होतं, त्यानं आपल्या आडनावाला तोच शब्द वापरला. धन्यापुढे ते उच्चारायचं नाही. धनी हाक मारणार ती टॉम, सॅली, हॅरी अशीच. विक्रीच्या कागदावर, मिळकतीच्या यादीत तेवढंच नाव. पण विकल्या गेलेल्या भावाचा पत्ता काढायचा, कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकतं हे ठरवायचं, तर टायटल लागे. ते बहुधा आताच्या धन्याचं नसे. आजोबा ज्या मळ्यावर पहिल्यांदा होता, त्या धन्याचं असे. विल्यम लीसारखं. म्हणून 'धन्याचं नाव लावलं' हे उत्तरही अर्धंच खरं. कितीतरी जणांनी शेवटच्या धन्याचं नाव मुद्दाम टाळलं आणि घराण्याचा धागा जिथवर आठवत होता, तिथलं नाव लावलं.

हे त्या वेळच्या कारकुनांना उमजत नव्हतं. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली एक बचत बँक निघाली होती. १८७४ मध्ये ती बुडाली आणि हजारो कुटुंबांची पुंजी घेऊन गेली, पण तिच्या नोंदवह्या राहिल्या. खातं उघडायला आलेल्या माणसाला सुरुवातीच्या छापील रकान्यांत विचारत: धन्याचं नाव, मालकिणीचं नाव, मळा, उंची, वर्ण, आई, बाप, मुलं, सैन्यात असाल तर पलटण. पुढे धन्याचा रकाना गळला आणि भाऊबहिणींचा आला. या वह्या वाचताना जाणवतं की खातेदार बँकेला पैशापलीकडचं काही सांगतो आहे. आई कुठं विकली गेली, कोणता भाऊ कुठल्या राज्यात नेला, तो आता काय नाव लावतो, हे तो कुठंतरी लिहून ठेवायला लावतो. खाली सहीच्या जागी पुष्कळदा फुलीच असते. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्या वर्षीही या वह्या भरल्या जात होत्या.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पेन्शनच्या फायलींतही हाच गुंता आहे. भरती करून घेताना नोंदणाऱ्यानं धन्याचं आडनाव टाकलेलं असायचं, आणि युद्धानंतर माणूस आपल्या बापाचं लावायचा. मग म्हातारपणी शपथेवर सांगावं लागे की तो आणि मी एकच, आणि नाव का बदललं. साक्षीदार आणावे लागत. बिशपशी गावाची अदलाबदल करून हार्टबर्नचा वेसिंग्टन झालेल्या सरदाराला कुणी असा जाब विचारल्याची नोंद नाही.

वॉशिंग्टन हे नाव येण्याच्या वाटा मला तरी तीन दिसतात.

एक, खरोखरच वॉशिंग्टन धन्यांकडून आलेली. जॉर्ज निपुत्रिक असला तरी भाऊ-पुतण्यांचा गोतावळा मोठा होता आणि बहुतेक सगळे गुलाम बाळगून होते. माउंट व्हर्नन ज्याच्याकडे गेलं, तो पुतण्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. १८२१ साली त्यानं ५४ माणसं लुइझियानाकडे विकली. अशा विक्रीतून माणसाबरोबर त्याचं टायटलही शेकडो मैल दक्षिणेला जाई.

दुसरी वाट पहिल्या नावाची. क्रांतीनंतर दोन्ही वर्णांच्या घरांत मुलाचं नाव वॉशिंग्टन ठेवायची रीत पडली होती, आणि बापाचं पहिलं नाव मुलानं आडनाव म्हणून लावायचं हेही चाले. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण बुकर टी. वॉशिंग्टन यांचं. १८५६ च्या सुमाराचा जन्म, गुलामीतला. मुक्तीनंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत पहिल्यांदा बसले, तर हजेरी घेताना प्रत्येक मुलाला निदान दोन नावं आहेत, काहींना तीनही. यांना एकच. पाळी आली तेव्हा त्यांनी शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' सांगितलं. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. म्हणजे जे नाव राष्ट्राध्यक्षाच्या भक्तीचा पुरावा म्हणून दाखवतात, ते एका मिठागरातल्या मजुराच्या नावावरून आलेलं असणं जास्त संभवतं. पुढे त्यांनीच आपल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत बोलावून घेतलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या वाचकांना चांगले ठाऊक आहेत. त्यांच्या नावात मधे वॉशिंग्टन आणि शेवटी धन्याचं आडनाव, दोन्ही एकत्र आहेत.

तिसरी वाट स्वतःहून निवडण्याची. तीत आदर असेल, एखाद्याला नुसतं नावाचं वजन आवडलं असेल. ही वाट नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण आदराशिवायही हे नाव लावता येत होतं, हे दाखवणारा एक माणूस फार लवकर होऊन गेला. गॅम्बिया नदीच्या परिसरात जन्मलेल्या हॅरीला जॉर्ज वॉशिंग्टननं १७६३ साली विकत घेतलं. माउंट व्हर्ननच्या तबेल्यात तो घोडे सांभाळी. एकदा पळाला, पकडला गेला. १७७६ साली पुन्हा पळाला आणि धन्याच्या शत्रूला, इंग्रजांना, जाऊन मिळाला. १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्कहून निघाले, तेव्हा बरोबर नेलेल्या कृष्णवर्णीयांची त्यांनी वही केली. तीत हा ४३ वर्षांचा माणूस हॅरी वॉशिंग्टन म्हणून नोंदला आहे. तो आधी नोव्हा स्कोशियाला गेला, मग १७९२ मध्ये सिएरा लिओनला. तिथं जमिनीवरच्या कराविरुद्ध १८०० साली उठाव झाला, त्यात सामील झाला म्हणून हद्दपारही झाला. धनी जिवंत असताना, धन्याविरुद्धच्या फौजेत राहून, त्यानं हे नाव चालवलं.

आजचे वॉशिंग्टन अमेरिकेत कुठं आहेत हे पाहिलं, तर दक्षिणेतली राज्यं ठळक दिसतात, आणि त्यांच्या जोडीला शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून बाहेर पडली, हे आडनाव त्यांच्याबरोबर आगगाडीनं गेलं. १९८३ साली शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर वॉशिंग्टनच निघाला, हॅरल्ड वॉशिंग्टन. त्याआधी राजधानीला स्वतःचा कारभार मिळाला, तेव्हा १९७४ मध्ये तिथं निवडून आलेला पहिला महापौर जॉर्जियात जन्मलेला वॉल्टर वॉशिंग्टन, गुलामाचा पणतू. खुद्द इंग्लंडात हे आडनाव विरळच राहिलं.

या कुटुंबांतलं कुणी पूर्वज शोधायला बसलं, की १८७० पर्यंत सरळ जातं. त्या वर्षीच्या जनगणनेत सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा पूर्ण लिहिली गेली. त्यामागे भिंत. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव धन्याचं, आणि खाली ओळींमागून ओळी: वय, स्त्री की पुरुष, काळा की मिश्र. नावाचा रकानाच नाही. बोटानं ओळ धरून 'बाई, ३०, काळी' इथं थांबायचं आणि ही आपली खापरपणजी असेल का, असा अंदाज करायचा.

ही भिंत एका माणसानं ओलांडली. टेनेसीत रॉबर्टसन परगण्यात जोसेफ वॉशिंग्टन नावाच्या मळेवाल्यानं १७९६ साली तंबाखूचा मळा घातला आणि त्याला घराण्याचं जुनं नाव दिलं, वेसिंग्टन. तेच, डरहॅमच्या दफ्तरातलं. १८६० साली तिथं १३,००० एकरांवर २७४ गुलाम होते. त्या घराण्यानं माणसं फारशी विकली नाहीत आणि कागद जपून ठेवले, म्हणून कुटुंबं एकत्र राहिली. सातवीत शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाला पाठ्यपुस्तकात या मळ्यावरच्या चार पूर्वीच्या गुलामांचा फोटो दिसला. तो ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिला. पुढे आजीनं सांगितलं की यांतले दोघं माझे आजी-आजोबा, इमॅन्युएल आणि हेनी वॉशिंग्टन. तीस वर्षांहून जास्त काळ तो मळ्याच्या हिशेबवह्या, पत्रं आणि जन्माच्या याद्या वाचत राहिला, आणि त्यानं त्या २७४ ओळींतल्या माणसांना एकेक करून नावं परत लावत नेली.