घरात जुना फ्रेंच ब्राँझचा प्राणी असेल तर घासायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे साफसफाईला किंवा किंमत काढायला ब्राँझचे छोटे प्राणी बरेच येतात, घोडा, शिकारी कुत्रा, सिंह, कधी हरीण, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काळं पडलंय हो, जरा चमकवून द्या." आम्ही नाही देत. तो काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ओतकाम झाल्यावर केमिकल लावून, आच देऊन मुद्दाम चढवलेला रंग आहे तो, पॅटिना म्हणतात त्याला, आणि घेणारा माणूस आधी तोच बघतो. चिंच-मीठ, लिंबू, भांड्याची पावडर, पितळ पॉलिश, यातलं काहीही लावलंत की तो गेला. नवीन चढवता येतो, पण जाणकाराला कळतंच.

आता हे प्राणी आले कुठून ते थोडक्यात. 1830 च्या आसपास पॅरिसमध्ये आंत्वान-लुई बारी नावाचा शिल्पकार, मूळचा सोनारकाम शिकलेला, तिथल्या जार्दँ दे प्लांत बागेतल्या प्राणीसंग्रहात जाऊन बसायचा, सोबत चित्रकार देलाक्रवा, दोघं जिवंत वाघ-सिंहांची स्केचेस करायचे आणि एखादा प्राणी मेला की त्याची चिरफाड बघायला, मापं घ्यायला हजर. म्हणून त्याच्या वाघाच्या खांद्याचा स्नायू जिथे हवा तिथेच असतो. 1831 च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, त्याने सुसर खाणारा वाघ मांडला, सुसर आपली गंगेतली, लांब चोचीची! नंतर राजपुत्र ऑर्लेआंच्या ड्यूकने जेवणाच्या टेबलावर मांडायला शिकारीच्या शिल्पांचा मोठा सेट करून घेतला, त्यात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे हिंदुस्थानी लोकही आहेत. 1837 ला सलोनच्या ज्युरीने तो सेट नाकारला, हे काय सोनारकाम आहे म्हणून. (आमच्या मते ज्युरीला डोळे नव्हते.) मग बारीने पुढे बरीच वर्षं सलोनला पाठ फिरवली आणि घरात ठेवण्याजोगी छोटी ब्राँझं स्वतःच ओतून विकायला लागला. कला उत्तम, धंदा बेताचा, 1848 ला कर्जात बुडाला आणि मॉडेलं देणेकऱ्यांच्या ताब्यात गेली. पिएर-ज्यूल मेन या दुसऱ्या शिल्पकाराला मात्र दोन्ही जमलं, स्वतःची फाउंड्री म्हणजे ओतशाळा, छापील कॅटलॉग, आणि मध्यमवर्गीयांना आवडतील असे कुत्रे-घोडे.

आता लोक विचारतात ओरिजिनल आहे का, तर इथे ओरिजिनल एकच असं नसतंच. एका मॉडेलवरून वाळूच्या साच्यात बरेच नग ओतायचे, मग कारागीर छिन्नीने एकेकाची फिनिशिंग करायचा. बारी 1875 ला गेला, पुढच्या वर्षी त्याच्या मॉडेलांचा लिलाव झाला, त्यातली बरीच बार्बेदिएन या ओतकाम करणाऱ्या कंपनीने घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं नग काढले. ते खोटे नव्हेत, पण बारीच्या हयातीतल्या नगाचा भाव वेगळा.

खोटे वेगळे. कोणीतरी तयार ब्राँझवरूनच साचा घेतो, धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे नक्कल जराशी लहान भरते, 20 सेंटीमीटरला साधारण 3-4 मिलीमीटर, आणि बारकावे बुजतात. मेनच्या चांगल्या नगात कुत्र्याच्या कानामागची केसांची रेघ न् रेघ वेगळी दिसते, बरगड्यांवर कातडी ताणलेली दिसते, नकलेत तिथे साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. तळाला प्लसच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो भाग तरी एकोणिसाव्या शतकातला नाही, कारण तेव्हा तसे स्क्रू नव्हतेच. आणि तळाला ओरखडा असेल तिथे पांढरट चंदेरी दिसलं तर ते ब्राँझ नाही, जस्त आहे, ब्राँझ आतून पिवळसर-तांबूस असतं. मुद्दाम ओरखडा काढू नका प्लीज. सहीवर तर जाऊच नका, सहीसुद्धा साच्याबरोबर जशीच्या तशी उतरते.

घरी एवढंच करा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, उचलताना शेपटी किंवा पाय न धरता तळ धरा, पावसाळ्यात दमट भिंतीपासून लांब ठेवा. हिरवी भुकटी सुटायला लागली तर पुसत बसू नका, कोरड्या जागी ठेवून लगेच आमच्याकडे आणा, ते पसरतं. मेणाचा पातळ हात आम्ही इथेच मारून देतो.

किंमत विचारायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आधी तळाचा फोटो पाठवा, मग सहीचा, मग सगळीकडून, आणि उंची मिलीमीटरमध्ये.