पार्श्वभूमी: बडोद्याच्या घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सॉफ्ट कोरलच का कापलं जातं

ओखामंडल, म्हणजे द्वारकेभोवतीचा किनारा, बडोदे संस्थानाकडे होतं. तिथल्या सागरी जीवांची पाहणी संस्थानाने करवून घेतली आणि तिचा पहिला भाग १९०९ साली लंडनहून छापला. त्यात आठ शुंडकांच्या प्रवाळांवर, म्हणजे आजच्या सॉफ्ट कोरलच्या (दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांच्या) गोतावळ्यावर, स्वतंत्र प्रकरण आहे. घरी प्रवाळ पाळायच्या टाकीचा धागा मात्र तिथून निघत नाही. १९६१ मध्ये जकार्तातल्या एका शौकिनाने जिवंत खडक (जीवाणू आणि बारीक जीवांची वस्ती असलेला समुद्री खडक), ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९८० च्या दशकात जर्मनीत तिला स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि मेटल हॅलाइड दिव्यांची जोड मिळाली. बाकीची गोष्ट अलीकडची आहे आणि ती २००१ पासून सुरू होते.

त्या वर्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ आले. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि ‘सी फॅन (सर्व गॉर्गोनियन)’ ही नोंदही. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. सार्कोफायटन, सिन्युलारिया, झेनिया, मशरूम, झोआ या टाकीतल्या नेहमीच्या, दगडी सांगाडा नसलेल्या प्रकारांचा यादीत उल्लेख नाही. घरी कापून वाटण्याची सवय सॉफ्ट कोरलभोवतीच रुजली याचं पहिलं कारण हे. ‘नवशिक्यांना सोपं म्हणून’ हे कारण नंतरचं.

निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. कच्छच्या आखातात सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली गेली होती आणि शोभेच्या पोवळ्यांचा बाजार उघड होता. पण यादी आखली ती मुख्यतः सांगाड्याकडे पाहून. टाकीत वाढवून कापलेल्या तुकड्याचा विचार त्यात दिसत नाही. कठीण प्रवाळाचा घरी वाढलेला फ्रॅग, म्हणजे कापून लावलेला तुकडाही, त्यामुळे त्याच नोंदीखाली येतो, आणि मेलेलं पोवळंसुद्धा. किनाऱ्यावरून उचललेल्या तुकड्यावर फ्रॅग बसवण्याची जुनी सवय म्हणूनच सोडायला हवी. त्यासाठी सिरॅमिकचे तुकडे किंवा सिमेंटचे प्लग (फ्रॅग बसवायच्या लहान बैठका) वापरावेत. सिमेंटचे प्लग साध्या पाण्यात काही आठवडे भिजवायचे, पाणी बदलत राहायचं आणि पीएच ८.५ च्या खाली टिकला की मगच टाकीत घालायचे.

खरा गुंता ‘सर्व गॉर्गोनियन’ या दोन शब्दांत आहे. नोंद लिहिली गेली तेव्हा पंख्यासारखं, आत कणा असलेलं प्रवाळ डोळ्यांसमोर होतं. पण प्रत्येक टाकीत सापडणारं ग्रीन स्टार पॉलिप, ती जांभळी चटई, आता ब्रायरियम प्रजातीत धरतात. आणि ब्रायरियम जुन्या वर्गीकरणात गॉर्गोनियनांमध्येच मोजलं जायचं. त्यात २०२२ च्या फेरवर्गीकरणात आठ शुंडकांच्या प्रवाळांचे दोन नवे गण झाले आणि जुने गॉर्गोनियन दोन्हीकडे विखुरले. शास्त्रात ज्या नावाचा गट उरला नाही, ते नाव कायद्यात ‘सर्व’ लावून उभं आहे. विक्रेते चटईला सरसकट सॉफ्ट कोरल म्हणून मोकळे होतात. नोंद शब्दशः वाचणारा अधिकारी तसं म्हणेलच असं नाही, म्हणून ही चटई घेताना पावती आणि वंशावळ जपून ठेवणं शहाणपणाचं. १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या, चौथीत वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या (सायटीस) जाती आल्या, आणि २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. सार्कोफायटनसारखी मांसल सॉफ्ट कोरल त्या करारात नाहीत. ऑर्गन पाइप आणि निळं प्रवाळ आठ शुंडकांची असूनही आहेत, कारण पुन्हा सांगाडाच. कच्छच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून मात्र यादीत असो-नसो, काहीही उचलायचं नाही.

कापण्याची पद्धतही या काळात बदलली. सार्कोफायटनची छत्री पूर्वी टाकीतच कापत. त्यातून सुटणारी टर्पीन रसायनं शेजारच्या प्रवाळांना मिटवतात आणि पाण्याला वास येतो. आता टाकीचंच पाणी वेगळ्या टबात घेऊन, धारदार ब्लेडने एका झटक्यात, देठाचा दोनेक सेंटिमीटर भाग छत्रीला ठेवून कापतात. उरलेला देठ पुन्हा डोकं काढतो. छत्रीचे ३-४ सेंटिमीटरचे तुकडे दुसऱ्या टबात धुवायचे. सुपरग्लू इथे चालत नाही, चिकट स्राव त्याला उखडून टाकतो. तुकडा प्लगवर ठेवून वरून मच्छरदाणीची जाळी सैल बांधायची. रबरबँड घट्ट झाला तर दोन-तीन दिवसांत मांस चिरून तुकडा वाहून जातो. मध्यम प्रवाहात एक ते तीन आठवड्यांत पकड बसते. प्रवाह अगदी मंद असेल तर साल सुटत नाही आणि तुकडा खालून कुजतो. कापल्यावर १०-१५ टक्के पाणी बदलायचं आणि १०० लिटरमागे ५० ग्रॅम सक्रिय कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) लावायचा. चटई सोलून जेल ग्लूने चिकटते. झेनियाला ब्लेडच नको, शेजारी दगड सरकवला की ते आपणच चढतं. झोआ आणि त्याच जातकुळीतल्या पॅलीथोआला हातमोजे आणि चष्मा हवाच. ते असलेला दगड कधीही उकळायचा नाही, कारण वाफेबरोबर पॅलीटॉक्सिन हे जहाल विष फुप्फुसात जाऊ शकतं.

‘पाणी जितकं निर्जीव तितकं चांगलं’ हा स्किमरच्या काळातला आग्रहही मागे पडला. शून्य नायट्रेटमध्ये सॉफ्ट कोरल आक्रसतात. नायट्रेट ५-१० पीपीएम, फॉस्फेट ०.०३-०.१ पीपीएम, क्षारता ८-९ डीकेएच (क्षारतेचं जर्मन एकक), घनता १.०२५ एवढं पुरतं.

खंभातच्या आखाताचं पाणी गाळाने गढूळ, म्हणून बडोद्यात समुद्र जवळ असूनही मीठ पाकिटातलंच लागतं. आजवा तलावाचं असो की बोअरचं, पाणी आरओ-डीआय गाळणीतून शून्य टीडीएसवर (विरघळलेले क्षार शून्य) आणूनच त्यात ते कालवायचं. मे महिन्यात पंखा लावला की २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ४-५ लिटर उडू शकतात. ती भर गोड्या आरओ पाण्यानेच करायची, नाहीतर घनता चढत जाते. कोरड्या हवेत पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण जूनअखेर हवा दमट झाली की तोच पंखा निरुपयोगी ठरतो आणि टाकी ३० अंशांच्या वर जाते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) खरा लागतो तो तेव्हा. २०१९ आणि २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरानंतर बॅटरीवरचा हवेचा पंप चिलरइतकाच गरजेचा मानला जाऊ लागला: वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, तापमान नंतर चढतं.